शेखच्या गालिच्यावर ठेवलेला पेला

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. पण 'बिचारा' म्हणालात तर ऐकून घेणार नाही. मी एक बिनकानाचा, बोटांच्या चिमटीत मावणारा चिनी मातीचा पेला आहे. आमच्याकडे मला फिंजान म्हणतात. माझ्या काठावर बारीक निळी नक्षी आहे, तळाशी तपकिरी डाग आहे, आणि सध्या माझा मुक्काम अरबी किनाऱ्यावरच्या चिमुकल्या हुदैर देशाच्या राजधानीतल्या सरकारी संग्रहालयात, काचेच्या पेटीत आहे. पेटीवर एक पितळी पाटी ठोकली आहे. 'थोर शेख मुहैर यांच्या उदारपणाने नबा गावाला जीवदान मिळाले, तो हा पेला', असे तिच्यावर लिहिले आहे. येणारेजाणारे ती वाचतात, माना डोलावतात आणि पुढच्या पेटीकडे सरकतात. त्या पाटीवरचा 'पेला' हा शब्द तेवढा खरा आहे. बाकीच्या मजकुराबद्दल मला चार गोष्टी बोलायच्या आहेत.

माझा जन्म इथला नाही. पूर्वेकडच्या एका बेटावर, लाकडाच्या भट्टीत, आम्ही बारा भाऊ एकाच दिवशी भाजून निघालो. मग गवतात गुंडाळून पेटीत, पेटीतून गलबतात, आणि गलबतातून शेख गानिमच्या मातीच्या किल्ल्यात. शेख गानिम हा पाटीवरच्या थोर शेखचा बाप. त्याच्या बैठकीत छताला खजुराची झावळी होती आणि भिंतींना समुद्राचा वास होता. तिथे कहवा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, करायला सुवैलिम नावाचा उंच, काळा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस होता. डाव्या हातात चोचीची पितळी किटली, उजव्या हातात आम्ही. तो आम्हाला एकमेकांवर असा किणकिण वाजवायचा की दाराबाहेरच्या उंटालाही कळावे, आत कहवा तयार आहे.

आता तुम्ही म्हणाल, पेल्याला काय कळते राज्यकारभारातले? मित्रांनो, हुदैरात राज्यकारभार पेल्यातूनच होत असे. सुवैलिमने पेला तिसरा हिस्सा भरला तर समजावे, बसा, मान आहे तुमचा. काठोकाठ भरला तर समजावे, प्या आणि चालते व्हा. पाहुण्याने रिकामा पेला हलवला म्हणजे त्याला पुरे झाले. आणि पाहुण्याने भरला पेला ओठांनाही न लावता समोर गालिच्यावर ठेवला, तर त्याचे काहीतरी मागणे असते. मग यजमानाने विचारायचे असते, "काय हवंय?" आणि मागणे मान्य झाले की म्हणायचे, "पी, तुझं काम झालं." तोवर पाहुणा पीत नाही. आणि न पिता उठून गेला, तर त्या घराची अब्रू त्याच्याबरोबर उंबऱ्याबाहेर जाते.

शेख गानिमच्या काळात मी किती वेळा असा खाली ठेवला गेलो, याची गणती नाही. एकदा तर मोत्यांच्या हंगामाआधी मोती काढणाऱ्या आठ होड्यांचे आठ प्रमुख, म्हणजे तांडेल, आले आणि आठांनी आठ पेले ओळीने खाली ठेवले. शेखने मोत्यांवरचा कर वाढवला होता. शेख गानिमने आम्हा आठांकडे पाहिले, दाढी खाजवली आणि म्हणाला, "प्या रे बाबांनो. वाढवला नाही असं समजा." मित्रांनो, तो काही देवमाणूस नव्हता. तापट होता, हट्टी होता. पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. हे तांडेल चिडले तर बायकामुले, शेळ्या आणि भांडीकुंडी नावांत भरून शेजारच्या शेखच्या किनाऱ्यावर जाऊन राहतील. माणसे गेल्यावर तो राज्य कोणावर करणार, वाळूवर? म्हणून तो विचारत असे.

त्या आठांत नबा गावचा मुसब्बह होता. सगळ्यांत लहान तांडेल, काटक, बुडी मारणाऱ्यांचे कान जसे अर्धे बहिरे होतात तसा अर्धा बहिरा. शेखचा मुलगा मुहैर तेव्हा बापाच्या मांडीवर बसून माझ्यात बोट बुडवून कहवा चाटायचा. त्याचे दुधाचे दात पडताना मी पाहिले आहेत. म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. दरबारातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण काचेच्या पेटीतल्या पेल्याला ते आणखी काय करणार आहेत?

मग तेल निघाले.

तेल निघाले आणि सगळे झपाट्याने बदलले. मातीचा किल्ला पाडून संगमरवरी महाल उभा राहिला. झावळ्यांच्या जागी झुंबरे आली. मुहैर शेख झाला तेव्हा हुदैरात वीज फुकट, पाणी फुकट, दवाखाना फुकट, शाळा फुकट. कोणाच्या मुलाचे लग्न ठरले की महालातून घर मिळायचे. लोक त्याला दुवा द्यायचे आणि का देऊ नयेत? मीही दिल्या असत्या. पण मला एक गोष्ट खटकत होती. मुहैरने कर घेणे बंद केले, त्याच दिवसापासून विचारणेही बंद केले. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याला विचारायचे तरी कशाला?

कारभार म्हणाल तर घरातल्या घरात. सैन्य एका भावाकडे, पोलीस दुसऱ्या भावाकडे, तेल काकाकडे, परराष्ट्र मेहुण्याकडे. मंत्रिमंडळाची बैठक आणि घरातल्या बारशाची बैठक यांतला फरक फक्त मिठाईवरून कळायचा. आणि या सगळ्यांवर दरबाराचा प्रमुख म्हणून चुलतभाऊ दलमूक. तो परदेशात शिकून आला होता, त्याच्या चष्म्याला सोन्याची दांडी होती. शेख सकाळी जे बोलेल ते दलमूक दुपारच्या जेवणाआधी कागदावर उतरवायचा आणि जेवण होईपर्यंत तो कायदा झालेला असायचा.

परदेशी लोकांचा तर राबता लागला. एकाला विमाने विकायची, एकाला तेल हवे, एकाला युद्धनौकांसाठी खोल पाण्याची खाडी हवी. आणि उत्तरेला मोठ्या राजाचे मोठे राज्य, ज्याला हुदैराची सरहद्द कायम दोन कोस आत असल्याचा भास व्हायचा. मुहैरचे धोरण मी जवळून पाहिले आहे. तो सगळ्यांना एकाच किटलीतला कहवा द्यायचा, सगळ्यांना "देवाची इच्छा असेल तर होईल" म्हणायचा आणि प्रत्येकाला वाटायचे, आपले काम झाले. एकदा समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशाचा नवा राजदूत आला. पेला हलवून 'पुरे' म्हणायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सुवैलिम भरतोय, तो पितोय. चौदा पेले! शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागला आणि त्या थरथरीनेच मी हलल्यासारखा झालो, तेव्हा कुठे सुवैलिम थांबला. दुसऱ्या दिवशी सुवैलिमने स्वयंपाकघरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की बिचारा वेलदोडे कुटायचे विसरला.

त्याच राजदूताला खाडी हवी होती. आणि मुहैरलाही त्याच्या युद्धनौका हव्या होत्या, कारण त्या किनाऱ्याला उभ्या राहिल्या की उत्तरेचा राजा जरा जपून पाऊल टाकेल. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, यात मुहैरचे अगदीच चुकत होते असे नाही. लहान घराला दोन्ही बाजूंनी दांडगे शेजारी असले की कोणाशी तरी जुळवून घ्यावेच लागते. पण त्याने जी खाडी देऊन टाकली ती नबाची होती. गावात नव्वद घरे होती, मशीद होती, नावा होत्या, आणि खाडीत समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा होता. बुडी मारणारे चामड्याची पिशवी घेऊन खाली जात, खाऱ्या पाण्याखालचे गोडे पाणी भरून वर येत. नबाची माणसे जन्मली की त्यांच्या ओठाला पहिल्यांदा तेच पाणी लावत, आणि मेली की त्याच पाण्याने त्यांना न्हाऊ घालत. रेडिओवर फर्मान वाचून दाखवले. चाळीस दिवसांत गाव रिकामे करायचे. प्रत्येकाला राजधानीत संगमरवरी घर मिळेल. शेखच्या उदारपणाबद्दल निवेदकाने अर्धा तास खर्च केला.

पुढच्या गुरुवारी खुल्या बैठकीत मुसब्बह आला. आता तो म्हातारा झाला होता, काठी टेकत होता. हुदैरात गुरुवारी कोणीही यावे, शेखच्या खांद्याचे चुंबन घ्यावे, आपले म्हणणे सांगावे, ही गानिमच्या वेळची रीत मुहैरने मोडली नव्हती. बहुतेक लोक चिठ्ठी देत, दलमूक ती घेई, आणि महिन्याभरात घर किंवा गाडी मिळे. मुसब्बहने चिठ्ठी आणली नव्हती. सुवैलिमने मला त्याच्या हातात दिले. त्याने मला घेतले, गालिच्यावर ठेवले आणि काठीवर हनुवटी टेकून शेखकडे बघत बसला.

मुहैरने पाहिले. मी शपथेवर सांगतो, त्याने पाहिले. मग तो शेजारच्या माणसाकडे वळला आणि ससाण्याच्या पंखाला झालेल्या जखमेबद्दल बोलू लागला. अजान होईपर्यंत तो ससाण्याबद्दलच बोलला. माझ्यातला कहवा थंड झाला, त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. बैठक उठली. मुसब्बह न पिता निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. सुवैलिमने पुन्हा मलाच दिले. बाराजणांतून मला शोधून काढले, हे माझ्या लक्षात आले आणि माझी छाती अभिमानाने फुगली. पेल्याला छाती नसते हे मला माहीत आहे.

"अरे म्हाताऱ्या," सुवैलिम ओणवा होऊन कुजबुजला, "निदान ओठ तरी लाव. निवतोय."

"निवू दे. समुद्राच्या तळाशी काय ऊन पडतं का रे? चाळीस वर्षं काढलीत मी तिथं."

"तुझ्यापायी माझी भाकरी जाईल."

"मग दुसऱ्याच्या हातानं दे."

"दुसऱ्याच्या हातचा तू घेशील होय? चवीवरून शिव्या घालशील."

"पितोय कुठं मी, चव कळायला?" मुसब्बह म्हणाला आणि दोघे खाली मान घालून हसले.

असे चार गुरुवार गेले. तोवर ही गोष्ट शहरभर झाली. बाजारात मासेवाले एकमेकांना विचारू लागले, "आज प्यायला का मुसब्बह?" आणि उत्तर यायचे, "नाही प्यायला." आधी लोक हसत विचारायचे. मग हसणे कमी झाले. चौथ्या गुरुवारी बैठकीतल्या आणखी दोघांनी आपला कहवा जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला, हे मी पाहिले आणि दलमूकनेही पाहिले.

दलमूक हुशार होता. त्याने मुसब्बहला अटक केली नाही, बैठक बंद केली नाही. त्याने कहवाच बंद केला! 'नागरिकांच्या आरोग्याचा विचार करून' खुल्या बैठकीत यापुढे संत्र्याचा रस मिळेल, असा आदेश निघाला. कहवा फक्त परदेशी पाहुण्यांना, तोही नव्या पेल्यांत. आम्हा बाराजणांना मखमलीच्या पेटीत घालून कपाटात बंद केले.

पाचव्या गुरुवारचे मला सुवैलिमने नंतर सांगितले. तो बंद कपाटाशी बसून माझ्याशी बोलायचा, म्हातारपणी माणसे बोलतात तशी. मुसब्बहच्या हातात नळी खुपसलेला रसाचा पुठ्ठ्याचा डबा दिला. त्याने तो गालिच्यावर ठेवला. हलका डबा तो, आडवा झाला आणि नळीतून पिवळा रस गालिच्यावर सांडला. सगळी बैठक हसली. शेखही हसला. मुसब्बहने आपल्या डोक्यावरचे फडके काढले, गुडघ्यावर बसून गालिचा पुसला आणि निघून गेला. "हसले रे ते," सुवैलिम म्हणाला, "बुडी मारून कान फुटलेत त्याचे, पण हसलेलं ऐकू गेलं त्याला." मला संताप आला. भट्टीत होतो तेव्हासुद्धा मी इतका तापलो नव्हतो.

त्यानंतर एका रात्री सुवैलिमने कपाट उघडले, मला एकट्याला काढले आणि अंगरख्याच्या खिशात टाकले.

सहावा गुरुवार. चाळीस दिवस संपायला चारच दिवस उरले होते. आणि नेमका त्याच दिवशी उत्तरेच्या राजाचा दूत आला होता, सरहद्दीचा कागद घेऊन. मुतलक त्याचे नाव. सत्तरी ओलांडलेला, तंबूत जन्मलेला, राजाचा मामा. युद्धनौका येणार म्हटल्यावर राजाने दोन कोसांचा हट्ट सोडला होता; आता नुसती सही उरली होती. मुहैरला वाटले, पाहुण्याला दाखवावे, माझे दार माझ्या लोकांना कसे उघडे आहे. म्हणून त्याने मुतलकला खुल्या बैठकीत आपल्या उजव्या हाताला बसवले. समुद्रापलीकडचा राजदूत डाव्या हाताला. पाहुण्यांना कहवा, बाकीच्यांना रस.

मी खिशात, अंधारात. मला फक्त सुवैलिमच्या काळजाची धडधड ऐकू येत होती. त्याने मुतलकला कहवा दिला. राजदूताला दिला. मग तो ओळ सोडून चालू लागला. दाराशी, चपलांच्या जवळ, जिथे मुसब्बह बसला होता, तिथे जाऊन थांबला. मला बाहेर काढले. तिसरा हिस्सा भरला, पूर्ण मानाने, आणि उजव्या हाताने पुढे केला.

"सुवैलिम!" दलमूक ओरडला. "त्याला रस आहे!"

"त्याच्या बापाच्या हातचे मोती या घरानं घातलेत," सुवैलिम म्हणाला. "रस त्याला नको. मला वाटतं मीच बहिरा होतो इतके दिवस."

मुसब्बहने मला घेतले आणि गालिच्यावर ठेवले. मी सांडलो नाही. मी पुठ्ठ्याचा नव्हतो.

मुतलकने माझ्याकडे पाहिले. मग म्हाताऱ्याकडे. मग मुहैरकडे, जो झुंबराकडे पाहत होता. मुतलकने आपला पेला ओठाजवळ नेला होता, तो परत खाली आणला आणि आपल्यासमोर गालिच्यावर ठेवला.

"काय झालं?" मुहैरने विचारले. "कहवा कडू आहे का?"

"कहवा चांगला आहे," मुतलक म्हणाला. "पण ज्या घरात एका पाहुण्याचा पेला खाली आहे आणि यजमान विचारत नाही, त्या घरात मी कसा पिऊ? माझ्या आईला कळलं तर ती कबरीत कूस बदलेल."

"म्हातारा आहे तो, डोकं चालत नाही त्याचं," दलमूक घाईने म्हणाला.

"डोकं माझंही फारसं चालत नाही," मुतलक म्हणाला. "रीत तेवढी आठवते."

समुद्रापलीकडच्या राजदूताने हे पाहिले आणि त्याला चौदा पेले आठवले असावेत. त्याने घाबरून आपलाही पेला खाली ठेवला, काही न समजता.

आता मुहैरला सुटका नव्हती. सरहद्दीचा कागद मुतलकच्या मांडीवर होता. मुहैरने घसा खाकरला आणि सहा गुरुवारांनंतर पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिले.

"बोल, मुसब्बह. काय हवंय तुला?"

"तुला ठाऊक आहे, मुहैर."

शेखला कोणी नुसते नावाने हाक मारून वीस वर्षे झाली असतील. दलमूकचा चष्मा नाकावरून घसरला. पण मुहैर चिडला नाही. त्याने राजदूताकडे एक नजर टाकली, हिशेब केला, आणि तो हिशेब मला स्पष्ट दिसला: दक्षिणेला एक ओसाड बेट आहे, पाणी तिथेही खोल आहे, नौकांना ते चालेल. मग तो सरळ बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नबा तुमचं. दिलं मी. पी, तुझं काम झालं."

बैठकीत कोणीतरी "वा!" म्हटले. कोणीतरी शेखला दीर्घायुष्य चिंतले. मुतलकने समाधानाने मान हलवली, आपला पेला उचलला आणि पिऊन टाकला. त्याच्या दृष्टीने रीत पुरी झाली होती. राजांना राजे समजतात.

पाटी इथे संपते, मित्रांनो. गोष्ट इथे संपत नाही.

मुसब्बहने मला उचलले नाही.

"पी ना," मुहैर म्हणाला. "दिलं म्हटलं ना मी."

"दिलंस," मुसब्बह म्हणाला. "परवा तूच दिलं होतंस, त्यांना. आज आम्हाला दिलंस. उद्या तुझा मुलगा आणखी कोणाला देईल. मी मागायला नाही आलो, मुहैर."

"मग कशाला आलास? सहा गुरुवार माझी शोभा करायला?"

"तू विचारावंस म्हणून आलोय. नबा द्यायचं का नाही, हे नबाला विचार. चांगलं कारण असलं तर आम्ही कदाचित हो म्हणू. सरहद्द आम्हालाही कळते. नाही म्हणू, तर नाही. पण विचार. तुझा बाप विचारायचा."

"माझ्या बापाला विचारावं लागायचं!"

मुहैरच्या तोंडून हे निसटले आणि ते परत घेता येईना. बैठकीतल्या सगळ्यांनी ते ऐकले. अर्ध्या बहिऱ्या मुसब्बहनेही ऐकले.

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

मागितलेले मिळाल्यावर पेला तसाच सोडणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखे. असे हुदैरात कधी घडले नव्हते. मुसब्बह काठीवर जोर देऊन उठला, सुवैलिमच्या खांद्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि गेला. मी तिथेच राहिलो, भरलेला.

तीन दिवस मी त्या गालिच्यावर होतो. झाडणारे मला वळसा घालून झाडत. दुसऱ्या दिवशी मुहैर एकटाच आला, माझ्यासमोर बराच वेळ बसला आणि सुवैलिमला म्हणाला, "उचल रे हे." सुवैलिम म्हणाला, "माझ्या हातानं नाही उचलवणार. ज्याला विचारायचं त्याला विचारा, तो येऊन उचलेल." त्याच आठवड्यात सुवैलिमला 'विश्रांतीसाठी' घरी पाठवले. तो नबालाच जाऊन राहिला आणि तिथे मेला, म्हणे रोज मुसब्बहशी भांडत. शेवटी दलमूकने मला रुमालात धरून उचलले. मला धुतले, घासले, लिंबू लावले, राख लावली. तीन दिवस वाळलेला कहवा माझ्या तळात मुरला होता. डाग गेला नाही. मग कोणीतरी शक्कल काढली की याला संग्रहालयात ठेवू आणि वर पाटी लावू.

युद्धनौका दक्षिणेच्या बेटावर उभ्या राहिल्या. नबा राहिले. मुहैर अकरा वर्षे जगला आणि त्याने दिलेला शब्द मोडला नाही, एवढे त्याच्या पदरात मी टाकतो. मुसब्बह त्याच्या आधी गेला. गोड्या झऱ्याच्या पाण्याने त्याला न्हाऊ घातले.

आता मुहैरचा मुलगा शेख आहे. गेल्या हिवाळ्यात फर्मान निघाले. नबाची खाडी दुसऱ्याच एका देशाला बंदरासाठी देण्यात आली आहे. साठ दिवस. संगमरवरी घरे. निवेदक नवा आहे, उदारपणा तोच.

फर्मान निघाले त्या आठवड्यातल्या गुरुवारी संग्रहालयात एक बाई आली. पन्नाशीची, पायघोळ काळ्या अबायातली, बापासारखी काटक. ही मुसब्बहची मुलगी मौजा. तिने पाटी वाचली आणि मोठ्याने हसली. मग पिशवीतून कहव्याचा थर्मास काढला, एक साधा पेला काढला, तिसरा हिस्सा भरला आणि माझ्या पेटीसमोर फरशीवर ठेवला. आणि बसली. न पिता. संग्रहालय बंद होईपर्यंत. पेला तिथेच ठेवून ती गेली.

पहारेकऱ्याने तो पेला उचलला नाही. हुदैराचा माणूस होता तो, वाकून पुन्हा ताठ झाला. पुढच्या गुरुवारी चारजणी आल्या. मग अकरा. मग त्यांचे नवरे, मग बाजारातले मासेवाले. फरशीवर पेल्यांची रांग लागली आणि ती माझ्या पेटीपासून दारापर्यंत गेली.

दलमूक अजून आहे. आता त्यालाच काठी लागते. एका दुपारी तो आला, रांगेला वळसा घालून मौजाजवळ थांबला.

"पोरी, तुझ्या बापाला गाव दिलं होतं ना आम्ही? एवढा उपकार विसरलीस?"

"दिलं होतंत, काका," मौजा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला परत घेता आलं."

दलमूकने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चष्मा पुसत निघून गेला. दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली: दुरुस्तीसाठी संग्रहालय दर गुरुवारी बंद. आता ते लोक बुधवारी येतात.

खोदणारी यंत्रे नबाच्या वेशीवर येऊन उभी आहेत. साठांपैकी नऊ दिवस उरले आहेत. काय होईल मला माहीत नाही. नवा शेख विचारील की नाही, तेही माहीत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की विनवतात, आम्हाला जपा, धूळ पुसा, फेकू नका. मी तसले काही मागणार नाही. मला फोडले तरी चालेल. पण माझ्या तळातला डाग कोणी पुसू पाहील तर त्याला सांगा, हा कहवा प्यायलेला नाही, खाली ठेवलेला आहे. आणि तुम्हाला कोणी न विचारता काही दिले, कितीही मोठे, कितीही चमकदार, तर ओठ लावण्याआधी जरा थांबा.

माझ्या पेटीचा पहारेकरी मिशा पिकलेला, अबोल माणूस आहे. रोज सकाळी तो फडक्याने माझी पितळी पाटी पुसतो, अक्षरे लखलखेपर्यंत. काल बुधवार होता. मौजा आणि तिची माणसे येण्याआधी तो आपला चहाचा पेला घेऊन आला. माझ्यासमोर जरा वेळ उभा राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, खाली वाकला आणि वाफाळलेला पेला फरशीवर ठेवला. काचेतून मला तो टेकल्याचा आवाज ऐकू आला.

पाटी त्याने पुसली नाही.